प्रश्नांआधी उतारा

जानेवारीत पूर्वपरीक्षा आटोपली की मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गांत इंग्रजीच्या तासाला बहुतेक ठिकाणी एकच काम चालते: अनसीन उतारे सोडवून घेणे. फळ्यावर किंवा झेरॉक्सच्या कागदावर उतारा येतो. मुले तो न वाचता थेट खालच्या कृतींकडे वळतात, कृतीतला एखादा ठळक शब्द पकडतात, तोच शब्द उताऱ्यात कुठे आहे हे बोटाने शोधतात आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवून काढतात. मग उत्तरे गाईडशी ताडून पाहायची, चुकलेली दुरुस्त करायची आणि पुढचा उतारा घ्यायचा. परीक्षेपर्यंत असे कितीतरी उतारे हाताखालून जातात. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या कामातून माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले. हा सराव मुलांना वाचायला शिकवत नाही, वाचल्याशिवाय निभावून न्यायला शिकवतो. शिक्षक आणि मुले दोघेही यासाठी मनापासून राबतात, म्हणूनच ही गोष्ट गंभीर आहे. उतारा वाचून झाल्यावर, प्रश्न पाहण्याआधी, त्यात काय म्हटले आहे हे मुलाला मराठीत सांगता आले पाहिजे. सरावातला पहिला आणि सर्वांत मोठा वाटा या सांगण्याला मिळायला हवा, प्रश्न त्यानंतर. हे मत मी इथे पुराव्यानिशी मांडतो आहे आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर देतो आहे.

आधी परीक्षेची रचना पाहू. राज्य मंडळाच्या दहावीत मराठी माध्यमाची मुले इंग्रजी ही तृतीय भाषा म्हणून घेतात. लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. लेखी ८० पैकी २० गुण पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना, १० कवितेला, १० पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला आणि ५ सारांशलेखनाला. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण कुठलातरी मजकूर वाचून त्यावर काही करण्याला आहेत. उताऱ्याखालच्या कृती ठरलेल्या क्रमाने येतात: साधी माहिती शोधणे, जरा गुंतागुंतीची माहिती शोधणे, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि शेवटी स्वतःचे मत. प्रत्येकी दोन गुण. ही आखणी विचारपूर्वक केलेली आहे. सोप्याकडून अवघडाकडे जावे आणि शेवटी मुलाने स्वतः काही म्हणावे, असा तिचा हेतू आहे. परंतु कुठलीही रचना दरवर्षी जशीच्या तशी आली की तिच्याभोवती युक्त्या तयार होतात. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांची उत्तरे गाईडमधून पाठ होतात. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला पाठांतर चालत नाही, म्हणून तिथे शोधून उचलण्याची युक्ती येते. खरे वाचन कुठे तपासले जाणार, तर या शेवटच्या उताऱ्यात आणि सारांशात. तिथेच युक्ती सर्वांत पक्की बसलेली आहे.

ही युक्ती किती दूर नेते, हे मराठीतच करून पाहता येईल. पुढची दोन वाक्ये वाचा: काल सांजेला दोन टिंबळे माळावर झमकत होते. त्यांची गुरंबी पाहून लहानगा मिंगर घळसला. आता प्रश्न. टिंबळे कुठे झमकत होते? माळावर. मिंगर का घळसला? टिंबळ्यांची गुरंबी पाहून. 'लहानगा' या शब्दाच्या उलट अर्थाचा शब्द? मोठा. पहिले वाक्य वर्तमानकाळात करा. दोन टिंबळे माळावर झमकत आहेत. तुम्हाला टिंबळे पाहायला आवडतील का? हो, मला टिंबळे पाहायला खूप आवडतील, कारण त्यांच्याकडून आपल्याला बरेच शिकायला मिळते. पाचही कृती झाल्या. दहापैकी आठ-नऊ गुण सहज पडतील, आणि टिंबळा प्राणी आहे की पक्षी, मिंगर आनंदला की घाबरला, याचा उत्तर देणाऱ्याला पत्ता नाही. आपल्याला हे जमले, कारण वाक्याची घडण आपल्या ओळखीची होती. दहावीच्या मुलाला इंग्रजी वाक्याची घडण एवढीही ओळखीची नसते, तरी 'व्हेअर' दिसले की जागेचे नाव आणि 'व्हाय' दिसले की 'बिकॉज'नंतरचा भाग उचलायचा, एवढे सरावाने त्याच्या अंगवळणी पडते. त्याच्या वहीत बरोबरच्या खुणा वाढत जातात, त्यालाही वाटते आणि आपल्यालाही वाटते की वाचन सुधारते आहे.

गुणांवरून वाचन मोजता येत नाही, हे राज्याच्या निकालांनीच दाखवून दिले आहे. दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. २०१९ च्या परीक्षेला नवा अभ्यासक्रम होता, कृतिपत्रिकेचे नवे स्वरूप होते आणि भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतलेले होते. पुढच्या वर्षी ते परत मिळाले. दोन वर्षांत राज्यातल्या मुलांची वाचनशक्ती बारा टक्क्यांनी घसरून पुन्हा अठरा टक्क्यांनी वाढली, असे कुणी म्हणणार नाही. बदलली होती ती मोजपट्टी. वाचनाची खरी स्थिती पाहायची तर मंडळाच्या निकालाबाहेर पाहावे लागते. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी आहे. त्यांतल्या ५७.३ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. ज्यांना वाचता आली, त्यांपैकी ७३.५ टक्के मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेली मुले वाक्य मोठ्याने बिनचूक म्हणत होती, पण ते काय सांगते हे त्यांना कळत नव्हते. आणि ही सोपी सुटी वाक्ये होती, दीड-दोनशे शब्दांचा सलग उतारा नव्हता. 'असर'ने अर्थ विचारला, म्हणून ही मुले नजरेला आली. आपल्या वर्गात अर्थ विचारलाच जात नाही, म्हणून ती दहावीपर्यंत नजरेआड राहतात.

अक्षरे उच्चारता येणे आणि भाषा कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचनाला दोन्ही लागतात, हे फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये नेमकेपणाने मांडले. त्यांनी या दोहोंचा गुणाकार सांगितला. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच येते. मराठी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत दुसरी बाजू नेमकी कुठे लंगडी पडते? अवघड शब्दांत पडते, असे सगळे धरून चालतात. वह्या तपासताना मात्र वेगळे चित्र दिसते. शब्द ओळखीचे असूनही वाक्य कळलेले नसते. 'द फार्मर हू सोल्ड हिज बुलक्स टु द ट्रेडर रिग्रेटेड इट.' पश्चात्ताप कुणाला झाला? व्यापाऱ्याला, असे बरीच मुले लिहितील, कारण 'रिग्रेटेड'च्या लगेच आधी 'ट्रेडर' आहे. मराठीत आपण 'ज्या शेतकऱ्याने बैल विकले, त्याला' असे म्हणून कर्ता पुन्हा हाती देतो. इंग्रजी तो आधीच देऊन मध्ये सगळी हकीकत घालते. 'द बॉक्स वॉज टू हेवी टु लिफ्ट' या वाक्यात 'नॉट' कुठेच नाही, म्हणून मुलाला पेटी उचलली गेली असे वाटते. 'हार्डली' दिसले की त्याला 'हार्ड' आठवते आणि जेमतेम काम करणारा माणूस कष्टाळू ठरतो. 'अनलेस', 'इन्स्टेड ऑफ', 'ऑल्दो' हे छोटे शब्द गाईडच्या शब्दार्थांत येत नाहीत, पण सगळ्या वाक्याची दिशा त्यांच्यावर ठरते. वाक्य जसेच्या तसे उचलून लिहिले की यातली एकही गफलत दिसत नाही. मूल मराठीत सांगू लागले की त्याच क्षणी दिसते. 'शेतकऱ्याने बैल विकले आणि व्यापाऱ्याला वाईट वाटले' असे ते म्हणाले की शिक्षकाला नेमकी जागा सापडते आणि शिकवायचे काय, हे कळते.

म्हणून सांगणे आधी. करायचे ते साधे आहे. उतारा द्यावा, कृती देऊ नयेत. मुलांनी तो एकदा सलग, अडले तरी न थांबता वाचावा. मग कागद पालथा घालून शेजारच्याला मराठीत सांगावे: कुणाबद्दल आहे, काय घडले, का घडले, शेवटी काय झाले. जे सांगता आले नाही त्यासाठी कागद उलटून दुसऱ्यांदा वाचावे. या दुसऱ्या वाचनाला आता कारण मिळालेले असते, कारण आपल्याला नेमके काय कळलेले नाही हे मुलाला कळलेले असते. मग वर्गात दोन-तीन जोड्यांचे सांगणे ऐकावे आणि जिथे दोन जोड्यांचे म्हणणे जुळत नाही तिथे उताऱ्यातले वाक्य फळ्यावर लिहून त्याचे तुकडे पाडावेत: कर्ता कोणता, क्रियापद कोणते, मधला भाग कुणाबद्दलचा. यानंतर कृती द्याव्यात. उतारा कळलेला असला की कृतींना वेळ कमी लागतो, सारांशाची निम्मी तयारी होऊन जाते आणि मत विचारणाऱ्या शेवटच्या कृतीला मूल खरोखर काहीतरी लिहिते. सारांश करणे, प्रश्न काढणे, न कळलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे या चार गोष्टी मुलांकडून आळीपाळीने करून घेण्याची पद्धत ॲनमेरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडली. वाचता येते पण कळत नाही, अशाच मुलांसाठी ती होती आणि त्या मुलांचे आकलन तिने स्पष्टपणे सुधारले. तिच्यात उत्तर शोधण्याला जागा नाही, सगळा भर मजकुराशी बोलण्यावर आहे.

यावर पहिला आक्षेप घेतात ते इंग्रजीच्या तासाला मराठी नको असे मानणारे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मराठी आणली की मूल मनात भाषांतर करत बसते आणि त्याचा वेग जातो, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर आपल्याकडे पिढ्या शिकल्या. त्या वळणाने शब्दाला शब्द लावत बसण्याची सवय जडते आणि वाक्याचा ओघ हरवतो, हे खरे आहे. पण शब्दश: भाषांतर आणि आशय सांगणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. भाषांतर करताना डोळे कागदावर असतात आणि मूल एकेका शब्दाला पर्याय शोधते. आशय सांगताना कागद पालथा असतो, शब्द निघून गेलेले असतात आणि अर्थ तेवढा उरलेला असतो. तो मुलाने आपल्या भाषेत सांगितला तर त्याचे काय बिघडते? उलट, तो इंग्रजीत सांग म्हटले की ज्याला कळले आहे तेही मूल गप्प बसते, कारण इंग्रजी बोलणे हे त्याला वाचण्याहून कितीतरी अवघड आहे. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण 'कळले नाही' असा लावतो आणि चुकीच्या रोगावर औषध देतो. मातृभाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत कामी येते, असे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले. त्याला चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९८४ मध्ये एक महत्त्वाची जोड दिली: ती समज कामी यायला दुसऱ्या भाषेचीही काही एक किमान ओळख लागते. दोन्ही मते एकत्र धरली तर शिक्षकाला आधी निदान करावे लागते की या मुलाची अडचण वाचनाची आहे की इंग्रजीची. मराठीतला उतारा वाचून ज्याला चार वाक्यांत सांगता येत नाही, त्याला इंग्रजीचे शंभर उतारे दिले तरी उपयोग नाही. त्याचे काम आधी मराठीत करावे लागेल.

दुसरा आक्षेप शब्दांचा. मुलांना शब्दच येत नाहीत, मग सांगणार काय? हा आक्षेप रास्त आहे, पण त्यावर दिला जाणारा उपाय चुकीचा आहे. उपाय म्हणून शब्दार्थांच्या याद्या पाठ करायला देतात. हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये दाखवले की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी शब्द, दोनशे शब्दांच्या उताऱ्यात फार तर चार. दहावीच्या पातळीच्या उताऱ्यात आपल्या मुलाला याच्या कितीतरी पट शब्द अडतात. त्याने वाचून शिकावे अशी आपली इच्छा असेल, तर वाचायला द्यायचा मजकूर दहावीचा असून चालणार नाही. तो सहावी-सातवीचा हवा, आणि भरपूर हवा. ढाक्याला शिक्षकांना शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकातच बंगाली मुलांच्या बाबतीत हे ओळखले होते. या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे आणि त्यासाठी मोजक्या, ओळखीच्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला हवी, असे म्हणून त्यांनी ती तयार केली. फिजीमध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मँगुभाई यांनी ग्रामीण भागातल्या आठ शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना अडीचशे सोपी, रंजक इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. १९८३ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार आठ महिन्यांत या मुलांचे वाचनाचे आणि ऐकण्याचे आकलन नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढले. त्या मुलांना कुणी उताऱ्यांवरचे प्रश्न सोडवायला लावले नव्हते. त्यांनी कळणारा मजकूर वाचला, एवढेच.

पुस्तके कुठून आणायची, हा प्रश्न लगेच पुढे येतो, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. बालभारती विज्ञान, भूगोल, इतिहास यांची एकाच इयत्तेची पुस्तके मराठीतही काढते आणि इंग्रजीतही. पाठ तोच, चित्रे तीच, आकृत्या त्याच. ही पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. जे मूल आधीच्या इयत्तांत पाण्याचे चक्र किंवा पचनसंस्था मराठीतून शिकलेले आहे, त्याच्यापुढे नववीत त्याच पाठाचे इंग्रजी पान ठेवावे. विषय ओळखीचा असल्यामुळे अनोळखी शब्दांचे अर्थ त्याला संदर्भावरून लागतात आणि शब्द डोक्यात राहतात, कारण त्यांच्यामागे आधीच समजलेली गोष्ट उभी असते. विषयाची माहिती वाचनात किती वजनदार असते, हे डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांवर दाखवून दिले. बेसबॉलवरचा मजकूर त्यांनी चार प्रकारच्या मुलांना दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे निघाली. आपल्या मुलांना हे जसेच्या तसे लागू पडते. कापसावरची बोंडअळी, विहीर, बैलबाजार, कबड्डीचा सामना यांवरचा इंग्रजी मजकूर गावातल्या मुलाला जितका उलगडतो, तितका बर्फावरच्या खेळांचा उलगडत नाही. आठवी-नववीत सुरुवात ओळखीच्या विषयांपासून करावी आणि हळूहळू बाहेर जावे. बाहेरचे जग कळण्यासाठी रोजचे मराठी वर्तमानपत्र वाचणारे मूल इंग्रजी उताऱ्याचीच तयारी करत असते, हेही पालकांना सांगायला हवे.

तिसरा आक्षेप वेळेचा. परीक्षेत आधी उतारा शांतपणे वाचत बसलो तर पेपर पुरा होणार नाही, आधी प्रश्न पाहिले की वेळ वाचतो, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. हिशेब करून पाहू. ८० गुणांना तीन तास, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याच्या १० गुणांच्या वाट्याला सुमारे बावीस मिनिटे येतात. एखादे मूल अगदी सावकाश, मिनिटाला साठ शब्द वाचत असेल, तरी दोनशे शब्दांचा उतारा साडेतीन मिनिटांत होतो आणि दोनदा वाचला तरी सात मिनिटे लागतात. पाच कृतींना पंधरा मिनिटे उरतात. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात येत असे. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी जोडून दिली जातात. वेळ आहे. नसतो तो विश्वास, की वाचले तर कळेल. शिवाय प्रश्नांवरून उताऱ्यात शिरणारे मूल एकच उतारा प्रत्येक कृतीसाठी नव्याने चाळते. पाच वेळा वरपासून खालपर्यंत डोळे फिरवण्यात गेलेला वेळ दोनदा नीट वाचण्याहून कमी नसतो, आणि त्या पाच चाळण्यांतून उताऱ्याचे एकसंध चित्र कधीच तयार होत नाही. ज्याला उतारा कळला आहे त्याने मग प्रश्न आधी पाहिले काय आणि नंतर पाहिले काय, फरक पडत नाही. ही सोय वाचता येणाऱ्याची आहे. वाचायला शिकणाऱ्याला ती शिकवली की त्याचे शिकणे तिथेच थांबते.

सर्वांत कठीण आक्षेप चौथा आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. वर्गात पाच-दहा मुले अशी असतात की ज्यांच्यासाठी इंग्रजीत पस्तीस मिळणे म्हणजे शाळा सुटणे आणि न मिळणे म्हणजे शिक्षणच सुटणे. फेब्रुवारीत अशा मुलाला 'आधी समजून घे' म्हणणे निष्ठुरपणाचे नाही का? आहे. त्या महिन्यात त्याला वाक्य शोधून उतरवायला शिकवावे, पत्राचा सांगाडा द्यावा, पास होण्यासाठी जे हवे ते करावे. ज्या मुलीचे लग्न दहावीच्या निकालावर पुढे-मागे होणार असते, तिच्यासाठी ते पस्तीस गुण फार मोठे आहेत, आणि ते मिळवून देणारा शिक्षक योग्यच करतो. पण शेवटच्या महिन्याचा हा उपाय आपण आठवीपासूनच लावतो, आणि पास होण्याची ज्यांना अजिबात चिंता नाही त्या मुलांनाही लावतो. यातून ती पाच-दहा मुले पुढच्या वर्षीही तितकीच राहतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे एखादी भाषा शिकून मुलाला शेवटच्या महिन्यात युक्तीवर सोडावे लागत असेल, तर युक्ती लवकर सुरू करणे हे त्यावरचे उत्तर असू शकत नाही. ज्याला अजून अक्षरे जुळवून शब्दच वाचता येत नाही, त्याला उतारा देऊच नये. त्याला रोज दहा मिनिटे सोपे वाचन मोठ्याने करायला लावावे. त्याची गरज वेगळी आहे, आणि ती आठवीतच ओळखता येते, जर आठवीत कुणी त्याचे वाचन ऐकले तर.

पटसंख्या मोठी, अभ्यासक्रम भरगच्च, त्यात शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा, हेही सगळे खरे आहे. साठ मुलांचे सांगणे एकटा शिक्षक ऐकू शकत नाही. म्हणून जोड्या. तीस जोड्या एकाच वेळी बोलतात तेव्हा वर्गात गलका होतो, आणि तो सहन करावा लागतो, कारण त्या दहा मिनिटांत साठच्या साठ मुले उताऱ्याबद्दल बोलत असतात. उत्तरे फळ्यावर लिहून देण्याच्या शांत तासात दोन-चार हुशार मुलेच काम करतात. उताऱ्यांची संख्या निम्मी केली, तरी अभ्यासक्रम मागे पडत नाही. कारण पाठ्यपुस्तकातले पाठही याच रीतीने घेता येतात, आधी सांगणे आणि मग स्वाध्याय. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या सरकारी शाळांच्या साध्या वर्गांत बंगळूर प्रकल्प चालवला. वेळापत्रक, नकाशा अशा मजकुरातून काहीतरी उलगडण्याच्या कामात मुलांचे लक्ष अर्थावर गुंतवले की भाषा शिकली जाते, हा त्यामागचा विचार होता. त्यासाठी कुठलीही महागडी साधने लागली नाहीत. एस.टी.चे वेळापत्रक, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, पॉलिटेक्निकच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका हे सगळे वर्गात आणता येते. दहावीनंतर यांतलेच काही या मुलांना खरोखर वाचायचे आहे. विज्ञान शाखेला गेलेल्याला तर अकरावीची पुस्तके इंग्रजीतच हाती येतात, आणि तिथे पानाखाली कृती नसतात, ज्यांच्यातला शब्द पकडून मजकुरात शिरावे.

परीक्षा बदलत नाही तोवर शिक्षण बदलत नाही, असे म्हटले जाते आणि त्यात बरेच सत्य आहे. म्हणून मंडळापुढेही एक मागणी ठेवावीशी वाटते, आणि ती अवघड नाही. सध्याच्या कृतिपत्रिकेत ५ गुण इंग्रजीतून आपल्या माध्यमाच्या भाषेत अनुवादाला आहेत. म्हणजे इंग्रजीच्या पेपरात मराठीत लिहिलेले उत्तर तपासण्याची सोय मंडळाने केलेलीच आहे. आज ते गुण सुटे शब्द, सुटी वाक्ये आणि एखादी म्हण यांवर जातात. यांतले निदान दोन गुण पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याकडे न्यावेत आणि विचारावे: या उताऱ्याचा आशय तुमच्या माध्यमाच्या भाषेत चार वाक्यांत लिहा. शोधून उचलण्याची युक्ती या एका कृतीपुढे चालणार नाही, कारण मराठी वाक्य उताऱ्यात सापडणारच नाही. गाईड तयार उत्तर देऊ शकणार नाही, कारण उतारा नवा असेल. आणि वर्गात शिक्षकाला सांगण्याचा सराव घ्यावाच लागेल, कारण तो गुणांत उतरेल. मंडळ हे कधी करील ते करो. शिक्षकाला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवीच्या पहिल्या चाचणीपासून, उताऱ्याखालच्या कृती झाकून, 'यात काय म्हटले आहे ते सांग' एवढे विचारायला कुणाच्या परिपत्रकाची गरज लागत नाही. ज्या मुलाला हे सांगता येते त्याला गुणही मिळतात. ज्याला येत नाही त्याला मिळालेले गुण दहावीच्या प्रमाणपत्रावर राहतात, आणि पुढे समोर येणारा प्रत्येक इंग्रजी कागद त्याला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. शाळेने त्याला दहा वर्षे इंग्रजी शिकवले असेल, तर एवढ्या परावलंबनातून त्याची सुटका करणे हे शाळेचे देणे आहे.